आवाजावर गेलेली कुलपं

"तू त्याला चहासुद्धा विचारलास?" थोरल्याने पुन्हा विचारलं.

"विचारला," मास्तर म्हणाले. "नको म्हणाला. घाईत होता."

"चोर घाईतच असतो, मास्तर."

"चोर आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलं नव्हतं, दादा. उलट हेल्मेट काढून बोलला. आजकाल तेवढं तरी कोण करतं?"

रविवारच्या दुपारी आत्याबाईंच्या बैठकीच्या खोलीत सगळं घराणं जमलं होतं. घराणं म्हणजे तरी किती, तर एक लांब सोफा, दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघरातून आणलेलं एक स्टूल भरेल इतकं. स्टुलावर धाकटी होती. मास्तरांची बायको होऊन ती या घरात आली तेव्हापासून या खोलीत तिच्या वाट्याला स्टूलच येई. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. खाली कुलपांच्या दुकानातही ती स्टुलावर बसूनच किल्ल्या घासायची, त्यामुळे पाठ टेकायची सवयच मोडली होती.

गुरुवारी झालं ते असं. एका दातांच्या डॉक्टरांचं दार अडकलं म्हणून धाकटी ते उघडायला गेली. शाळेला सुट्टी होती, तेव्हा दुकानात मास्तर बसले. मास्तर मुलांना गणित शिकवत, आणि कुलपातलं त्यांना एवढंच कळे की किल्ली आत जाते. दुकानातला फोन वाजला. पलीकडे आत्याबाई. "एक माणूस येईल. थोरल्याच्या नव्या कुलपांची दोन्ही खोकी त्याला दे. वेळ लावू नकोस." खट्. थोड्या वेळाने स्कूटरवरून माणूस आला. मास्तरांनी खोकी दिली, वरून दोरी बांधून दिली आणि वळणावर पडणार तर नाहीत ना, ते दोनदा हलवून पाहिलं.

आत्याबाईंनी फोन केलाच नव्हता. त्या वेळी त्या वर याच खोलीत डोळ्यांत औषध घालून आडव्या पडल्या होत्या. त्यांचा आवाज कुणीतरी यंत्राकडून हुबेहूब बनवून घेतला होता. आणि खोक्यांत होती थोरल्याच्या कंपनीची नवी कुलपं. थोरला त्या कंपनीचा विक्रेता. कुलपं कसली, तर मालकाचा आवाज ओळखून उघडणारी.

"आवाजावर उघडणारी कुलपं आवाजावरच गेली," वकीलबाई म्हणाली. ती या दोघा भावांची बहीण. "इतकी वर्षं कोर्टात उभी राहते, पण एवढी नेटकी चोरी माझ्या पाहण्यात नाही."

"हसू नकोस. कंपनीला मी काय तोंड दाखवू?"

"तोंड नको दाखवूस. आवाज पाठव."

वकीलबाईचे यजमान तिच्या शेजारी खुर्चीत बसून डुलक्या घेत होते. ते कुठेही बसले की झोपत. कुणी त्यांना मोजत नसे.

"वर येऊन एकदा विचारायचं होतंस," थोरला मास्तरांना म्हणाला. "एक जिना चढायचा होता, बाबा. एक जिना."

एक जिना म्हणणं सोपं होतं. पण या घरात आत्याबाईंना उलट विचारायला तो जिना आजवर कुणीच चढलं नव्हतं. भाऊ आणि भावजय लागोपाठ गेल्यावर आत्याबाईंनी दुकान हातात घेतलं, एका हातात कानस आणि दुसऱ्या हातात ही तीन पोरं धरून सगळं निभावलं, आणि लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. गुडघ्यांनी जिना नाकारल्यापासून त्या वर बसत आणि खालचं दुकान फोनवरून चालवत. त्यांचा फोन म्हणजे आकाशवाणी. एका दमात हुकूम, आणि ऐकणाऱ्याने 'हो' म्हणायच्या आत खट्. समोरच्याचं ऐकून त्याला जुळेल असं उत्तर देणं यंत्राला जड जातं म्हणतात. आत्याबाईंची नक्कल करताना ते कष्ट यंत्राला पडलेच नसणार.

"पण आवाज त्यांना मिळाला कुठून?" आत्याबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. सर्दीने त्यांचा आवाज चिरका झाला होता. "मी काय चौकात गाणी म्हणत होते?"

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने छताकडे पाहिलं.

"जाहिरात," वकीलबाई म्हणाली. "दादाने तुला खुर्चीत बसवून, केस विंचरून, बोलायला लावलं होतं ती. सगळं जग बघतंय मोबाइलवर. यंत्राला तेवढं पुष्कळ झालं."

"लोकांचा विश्वास बसावा म्हणून केली गं ती," थोरला म्हणाला. "गावात आत्याच्या शब्दाला मान आहे."

मान होता, यात खोटं काहीच नव्हतं. तो आला होता आत्याबाईंच्या एका नेमातून. घराबाहेर अडकलेला माणूस दुकानात आला आणि 'माझं दार उघडून द्या' म्हणाला, की आत्याबाई विचारत, "तुझंच कशावरून?" त्याने कागद दाखवला तरी चालत नसे, मित्र आणला तरी नाही. "ज्याच्याशी तुझं भांडण आहे तो शेजारी आण," त्या म्हणत. "तो 'हो, याचंच घर' म्हणाला की उघडते." लोक चिडत, आदळआपट करत, पण शेजारी आणत. चोराला सगळं जमवता येतं, भांडणारा शेजारी जमवता येत नाही. धाकटीने तो नेम तसाच चालू ठेवला होता. गुरुवारी त्या दातांच्या डॉक्टरांनाही वरच्या मजल्यावरच्या माणसाला, ज्याच्याशी त्यांचा पाण्याच्या टाकीवरून वाद होता, हात जोडून खाली आणावं लागलं होतं.

"त्या कुलपांत काय एवढं आहे, बघू तरी," वकीलबाई उठली. आत्याबाईंच्या झोपायच्या खोलीच्या दारावर थोरल्याने कौतुकाने तसलंच एक कुलूप बसवलं होतं. "आत्या, बोल बघू याच्याशी."

आत्याबाई काठी टेकत दारापाशी गेल्या.

"उघड."

तांबडा दिवा लागला. "माफ करा," आतून एक गोड बाई म्हणाली, "ओळख पटली नाही."

"उघड म्हणते ना."

"माफ करा. ओळख पटली नाही."

"मुडद्या, उघड."

"माफ करा."

"सर्दी आहे तुला, आवाज बसलाय," थोरला मध्ये पडला. "तीन दिवस मीच उघडून देतोय. जरा सावकाश, जाहिरातीत बोललीस तसं प्रेमाने बोल."

"दाराशी प्रेमाने? तुमच्याशी तरी कधी बोलले का?"

वकीलबाईने आपला मोबाइल काढला, जाहिरात लावली आणि कुलपासमोर धरली. 'घराण्याचा शब्द, घराण्याचं कुलूप,' मोबाइलमधल्या आत्याबाई लाडाने म्हणाल्या. 'उघड.' हिरवा दिवा लागला. दार आपल्या आपण आत सरकलं. आत अंथरूण दिसलं, उशीपाशी औषधाची बाटली दिसली, भिंतीकडे तोंड केलेल्या चपला दिसल्या.

थोरली ट्रेमध्ये चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात थांबली. थोरल्याची बायको, या घराची मोठी सून. तिचं आणि धाकटीचं हिवाळ्यापासून बोलणं नव्हतं. किल्ल्या घासायच्या मशीनवर थोरलीची झोपायची खोली येत होती, आणि दुपारच्या झोपेवरून दोघींत जे झालं त्यानंतर एकमेकींशी बोलायचं असलं की त्या भिंतीशी बोलत.

आत्याबाई आपल्याच उघड्या खोलीकडे बघत राहिल्या. धाकटीला वाटलं, आता या रडतील. तसं काही झालं नाही. त्या परत आल्या, सोफ्यावर बसल्या, आणि म्हणाल्या, "वकील, एक विचारू? अमुक एक गोष्ट मीच बोलले, हे आता सिद्ध कसं करायचं?"

"अवघड झालंय, आत्या. रोज नवीन भानगड येते कोर्टात."

"आणि मी बोललेच नाही म्हटलं तर?"

"तर नाही बोललीस. कोण सिद्ध करणार?"

म्हातारपणी दात परत यावेत तसं काहीतरी आत्याबाईंच्या चेहऱ्यावर पसरलं. देवाने माणसाला जीभ दिली तेव्हा तिची पावती द्यायची राहून गेली, आणि त्या चुकीचा फायदा घ्यायला आत्याबाईंना आत्ता कुठे सवड मिळाली होती.

"मग ऐका," त्या म्हणाल्या. "वकील, तुझ्या नवऱ्याला मी फोनवर उभ्या उभ्या झोपणारा प्राणी म्हणाले होते. ते मी नाही. ते मशीन."

"आत्या, त्याला किती वर्षं झाली. तेव्हा असली मशीनं नव्हती."

"कुणीतरी पहिलं काढलंच असेल की."

जावयांनी एक डोळा उघडला. "मला तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले, आणि डोळा मिटून घेतला.

"थोरले, तुझ्या आईने विणलेल्या स्वेटरला मी पायपुसणं म्हणाले. मशीन. खालच्या शिंप्याला त्याच्या मुलीच्या लग्नात काय ते बोलले, ते मशीन. आणि बँकेतल्या त्या पोराला जे म्हणाले ते तर शंभर टक्के मशीन, तसले शब्द मला येतसुद्धा नाहीत."

"मला बिनकामाचा म्हणालीस ते?" मास्तरांनी आशेने विचारलं.

"ते मी."

"बरं."

खोलीत हशा पिकला. गेले तीन दिवस घरात जे मळभ होतं ते जरा फाटलं. थोरलीने सगळ्यांना चहा दिला. वकीलबाईने लगेच आपल्याही एक-दोन गोष्टी यंत्राच्या नावावर टाकल्या, त्यातली एक तर तिने भर कोर्टात न्यायाधीशांना ऐकवलेली होती. मास्तर म्हणाले, मागच्या परीक्षेत सगळ्या वर्गाला गाढव म्हटल्याची तक्रार आली आहे, हेडमास्तरांना आता काय सांगायचं ते समजलं. धाकटीही हसली. हसता हसता तिचं लक्ष थोरल्याकडे गेलं. तो हसत नव्हता. तो कसलातरी हिशेब जुळल्यासारखा बसला होता.

"आत्या," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "मग सोमवारचा फोनही त्यातलाच असणार."

धाकटीच्या हातातला कप बशीवर वाजला.

सोमवारी दुपारी दुकानातला फोन वाजला होता. "धाकटे, दुकान आता तू बघ. चाव्या तुझ्याकडे. तिथे शोरूम-बिरूम व्हायची नाही." एवढं बोलून आत्याबाईंनी फोन आपटायला हवा होता, पण आपटला नाही. पलीकडे नुसता श्वास ऐकू आला, पावलं ऐकू आली. मग आवाज खूप खाली आला आणि म्हणाला, "तुझ्याइतका हात माझासुद्धा कधी नव्हता." आणि मग खट्.

दुकानाचं तिने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी घरभर सांगितलं. दुसरं वाक्य तिने कुणालाच सांगितलं नाही, मास्तरांनासुद्धा नाही. देवाचं नाव ओठ न हलवता मनात म्हणावं तसं ती ते वाक्य किल्ल्या घासताना म्हणत असे. तीनच दिवस. गुरुवारी खोकी गेली आणि त्या वाक्यात किडा शिरला. इतकी वर्षं ज्या बाईने एक गोड शब्द काढला नाही, ती एकदम एवढं कसं बोलली? जाहिरातीतल्या आत्याबाई गोड होत्या. यंत्रातली बाई गोड होती. खऱ्या आत्याबाईंचं गोडाशी कधी जमलं नव्हतं.

"सोमवारचा फोन खरा होता," मास्तर म्हणाले.

"तू ऐकलास?"

"हिने ऐकला."

"आणि गुरुवारचा तू ऐकलास. तोही खराच वाटला ना?" थोरल्याने हात पसरले. "माझं कुणाशी वैर नाही. मी म्हणतो, जे फोन झाले ते झाले, सगळे रद्द. कोरी पाटी. खाली कंपनीच्या कुलपांची शोरूम करू, धाकटीने त्यात बसावं, पगारावर. नव्या जमान्यात कानस कोण विचारतंय?"

"ज्याची खोकी चोराने दोरी बांधून घेऊन नेली, तो नव्या जमान्याचं सांगतोय," मास्तर म्हणाले. एवढं तिखट ते वर्षातून एकदाच बोलत.

"वकीलबाई, तुम्ही सांगा," धाकटी नणंदेला म्हणाली. एरवी नणंद तिच्या बाजूची होती.

वकीलबाईने चष्मा काढून पुसला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण दादाचा मुद्दा बिनतोड आहे. एक फोन खोटा निघाला की दुसऱ्याची खात्री कोण देणार? म्हणूनच तर ही भानगड वाईट. खोटं पचतं ते एकवेळ सोड, खरंही नासतं."

"कशाला खात्री? बोलणारं माणूस समोर बसलंय." धाकटी स्टुलावरून आत्याबाईंकडे वळली. "आत्याबाई, तुम्हीच सांगा. सोमवारी तुम्ही बोललात की नाही?"

 आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. धाकटी कुलपाचं आतलं न बघता बोटांनी ओळखायची, तशी तिने त्या चेहऱ्यावर नजर फिरवली. दोन अडचणी तिच्या हाताला लागल्या. दुकानाचं ठरत नव्हतं तोवर थोरला रोज औषध आणून द्यायचा, शेजारी बसायचा, गुडघ्यांची चौकशी करायचा. ठरलं की ते संपलं. आणि दुसरं म्हणजे, फोन कबूल केला की अख्खा कबूल करायला लागणार होता, शेवटच्या वाक्यासकट.

"मला आठवत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "डोळ्यांत औषध होतं."

"ते गुरुवारी," मास्तर म्हणाले.

"सोमवारी कानात होतं."

धाकटीने कप खाली ठेवला. तिला दुकानाचं तेवढं लागलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पगारावर तर पगारावर, हात तोच राहणार होता. पण आता ते वाक्य मनात म्हणायची सोय राहिली नव्हती. कुणा परक्याने कुठल्याशा खोलीत बसून, बटणं दाबून ते तिच्यासाठी बनवलं असेल, या कल्पनेने तिला लाज वाटली, कुणीतरी आपल्याला उघड्यावर हसलं असावं तशी.

"झालं तर मग," थोरल्याने मांडीवर थाप मारली. "कोरी पाटी."

"अहो," थोरली म्हणाली. ट्रे अजून तिच्या हातात होता. "मग आईचं काय?"

"कुणाच्या आईचं?"

"माझ्या. पायाची शस्त्रक्रिया झाली की आपल्याकडे आणायचं म्हणालात ना तुम्ही."

"मी? असं कधी म्हणालो?"

"माझ्या फोनमध्ये आहे. तुमचाच आवाज." तिने ट्रे टेबलावर ठेवला, फोन काढला, बटण दाबलं. 'हो गं,' फोनमधला थोरला म्हणाला, 'आणू आईंना. मागची खोली देऊ. राहू देत हवं तेवढं.'

थोरल्याने सगळ्यांकडे पाहून डोळे मिचकावले. "आजकाल आवाजाचं काय सांगावं, बाई. आणि तूच सांग, मी 'हो गं' कधी म्हणतो?"

तो स्वतःच मोठ्याने हसला. दुसरं कुणी हसायच्या आत त्याचं त्यालाच ते हसू जरा लांबल्यासारखं वाटलं असावं, कारण ते मध्येच तुटलं.

 थोरलीने रिकामे कप गोळा केले. जावयांचा भरलेला कपही उचलला. आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, कप एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला, नळ बंद झाला. ती ओले हात तसेच घेऊन बाहेर आली आणि आत्याबाईंसमोर उभी राहिली.

"आत्याबाई, घराबाहेर अडकलेला माणूस दुकानात आला, तर तुम्ही काय मागता?"

"काय मागते? भांडणारा शेजारी मागते. हे आता का?"

"माझं आणि हिचं बोलणं नाही," थोरली धाकटीकडे न बघता म्हणाली. "तिच्या त्या घासणीने माझं दुपारचं डोकं उठतं. शोरूम झाली तर सगळ्यांत आधी मी जाऊन झोपेन. तर मी भांडणारी शेजारीण आहे की नाही?"

"आहेस," आत्याबाई सावधपणे म्हणाल्या.

"अगं, तू जरा आत ये," थोरला उठला.

"मी इथेच बरी आहे." थोरलीने ओले हात पदराला पुसले. "सोमवारी दुपारी मी त्या टेबलाशी कपड्यांच्या घड्या घालत होते. तुम्ही फोन लावलात. दुकान तू बघ म्हणालात, चाव्या तुझ्याकडे म्हणालात, शोरूम-बिरूम व्हायची नाही म्हणालात. मी तुमचं तोंड हलताना पाहिलं. मग तुम्ही काठी घेऊन गॅलरीत गेलात, दार लोटलंत आणि हळू काहीतरी बोललात. ते मला ऐकू आलं नाही, म्हणून ते मी सांगत नाही. जे पाहिलं ते सांगितलं."

"इतके दिवस गप्प बसलीस ती?" वकीलबाईने विचारलं.

"मला झोप प्यारी होती." थोरलीचा चेहरा लाल झाला होता. "आता नाही."

"तू आहेस तरी कुणाच्या बाजूने?" थोरला म्हणाला.

"आईच्या."

 पावलं. सोमवारी त्या श्वासानंतर धाकटीने फोनमध्ये पावलं ऐकली होती, आणि काठीची टकटक. तेव्हा तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

आत्याबाईंनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर टेकवली. भाचरं, सुना, अर्धा जागा जावई, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. भांडणारा शेजारी आला की दार उघडायचं, हा नेम त्यांनी स्वतःच घातला होता, आणि तो मोडणाऱ्याला त्यांनी आजवर दुकानाच्या पायरीवर उभं केलं नव्हतं.

"माझा फोन द्या इकडे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी दिला. आत्याबाईंनी चष्मा खाली ओढून नंबर शोधला, बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. खोलीत दुसरा फोन वाजायला लागला, धाकटीच्या मांडीवरच्या पिशवीत.

"उचल की," मास्तर हळूच म्हणाले.

धाकटीने फोन कानाला लावला. आत्याबाई तिच्यापासून एका हातावर बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलले, आवाज समोरून आला, आणि निमिषभराने तोच आवाज तिच्या कानात शिरला.

"धाकटे, दुकान तू बघ. चाव्या तुझ्याकडे. शोरूम-बिरूम व्हायची नाही." सगळे बघत होते, आणि आत्याबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. "थोरल्याची सासू मागच्या खोलीत येईल. ते 'हो गं' तोच म्हणाला. मी वाढवलाय त्याला. काम टाळायचं असलं की लहानपणापासून 'हो गं' म्हणतो. आणि माझ्या दारावरचं ते बोलकं कुलूप काढून आजच्या आज साधी कडी लाव."

नेहमीप्रमाणे आता खट् व्हायला हवं होतं. झालं नाही. आत्याबाईंनी तोंड जरा वळवलं, आवाज खाली आणला.

"आणि ते हाताबिताचं जे काही सोमवारी ऐकलंस," त्या म्हणाल्या, "ते मी नाही. ते मशीन."

खट्.

"हाताचं काय?" मास्तरांनी विचारलं. "कुणाच्या हाताचं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली.

हाताचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. थोरलीला ऐकू गेलं नव्हतं. मग नाकारायला म्हणून तरी ते आत्याबाईंना सापडलं कुठून? धाकटीने फोन पिशवीत ठेवला, पण पिशवीचा बंद बांधायला तिला जरा वेळ लागला. 

ती खाली जाऊन पेचकस आणि कडी घेऊन आली. येताना जिन्यात थोरली भेटली. दोघी बाजूला झाल्या, दोघी एकाच बाजूला झाल्या, मग थोरली भिंतीला म्हणाली, "दुपारी दोन ते चार तेवढं थांबव म्हणावं." धाकटी भिंतीला म्हणाली, "थांबवते म्हणावं."

बैठकीच्या खोलीत आता थोरला कंपनीला फोन लावून बसला होता, आणि कंपनीतली गोड यांत्रिक बाई त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती की आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे. वकीलबाई हसू आवरत होती. आत्याबाईंनी एक खुर्ची ओढून झोपायच्या खोलीच्या दारापाशी घेतली होती आणि त्या धाकटीच्या हातांकडे बघत बसल्या होत्या.

"हळू," त्या म्हणाल्या. "दाराचा रंग जाईल."

"हो, आत्याबाई."

"वरचा स्क्रू आधी."

"हो."

वरचा निघाला, बाजूचे निघाले. शेवटचा फिरवताना कुलूप हातात सैल झालं, त्याचा तांबडा दिवा लागला आणि आतली बाई घाईघाईने म्हणाली, "माफ करा. ओळख पटली नाही."

"पटली," आत्याबाई खुर्चीतून म्हणाल्या. "गप बस आता."